गप्प बसणारा तोच चांगला ख्रिस्ती?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील धर्मप्रसारावरचा लेख मी दोनदा वाचला. सकाळी वाचला तेव्हा राग आला. रात्री पुन्हा वाचला तेव्हा वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे आज सकाळीही गेले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखकांनी ख्रिस्ती माणसाची निंदा केलेली नाही, उलट स्तुती केली आहे, आणि मला लागली ती स्तुतीच. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगत हिंडणे हे मिशनच्या पगारी माणसांचे काम. आपल्या शेजारचा साधा ख्रिस्ती मनुष्य तसा नसतो, तो आपली प्रार्थना आपल्या घरात करतो, नाताळला फराळाचे ताट पाठवतो, आपल्या श्रद्धेविषयी चकार शब्द काढत नाही आणि म्हणूनच तो आपल्याला आपला वाटतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. ज्या माणसाची एवढी ओळख त्यांनी करून दिली, तो माणूस म्हणजे मी आहे. मी अहिल्यानगरची एक निवृत्त शिक्षिका आहे, मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढले, आणि एकदा मी खरोखरच गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याची स्तुती व्हावी, हे मला सहन होत नाही.

ही गोष्ट २००९ सालची आहे. आमच्या शाळेतील एका शिक्षिकेचा मुलगा तापाने चार दिवसांत गेला. सातवीत होता. महिन्याभराने बाई कामावर रुजू झाल्या, तास घेऊ लागल्या, वह्याही तपासू लागल्या, पण मधल्या सुट्टीत डबा उघडत नसत. त्यांच्या पर्समध्ये मुलाची कंपासपेटी असे. ती काढून मांडीवर ठेवायची, झाकण उघडायचे, आतली अर्धी झिजलेली पेन्सिल पाहायची आणि झाकण लावायचे, एवढेच त्या करीत. मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरून बसत असे. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पंधरा-वीस दिवस असेच गेल्यावर एके दिवशी त्यांनीच माझ्याकडे वळून विचारले, "बाई, तुमचे यजमान गेले तेव्हा तुम्ही कशाच्या आधारावर उभ्या राहिलात?"

माझे यजमान त्याच्या दोन वर्षे आधी गेले होते. या प्रश्नाला मी खोटे उत्तर काय द्यायला हवे होते, हे लेखकांनी मला सांगावे. वेळ सगळे बरे करते, असे म्हणायला हवे होते का? माझा अनुभव तो नव्हता. ज्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी एकटी बसले होते, त्या रात्री लहानपणी पाठ केलेले बायबलमधले तेविसावे स्तोत्र माझ्या ओठांवर आले आणि माझ्यासोबत कुणीतरी आहे, हे मला कळले. तेच मी त्यांना सांगितले. मग बायबलमधली नाईन गावच्या विधवेची गोष्ट सांगितली, जिचा एकुलता एक मुलगा तिरडीवर होता आणि जिला पाहून प्रभू येशूला कळवळा आला. ती सांगताना मी मध्येच चाचरले, कारण त्या विधवेचा मुलगा उठून बसला होता आणि यांचा उठून बसणार नव्हता. बाईंच्या ते ध्यानात आले असावे. त्या म्हणाल्या, "तो तिच्यासाठी रस्त्यात थांबला ना? तेवढं मला पुरे आहे." माझ्या पर्समध्ये ती गोष्ट ज्यात आहे त्या लूककृत शुभवर्तमानाची एक लहान प्रत होती, तीत खुणेला एसटीचे तिकीट होते. त्यांनी मागितली आणि मी तिकिटासकट दिली. या सगळ्याला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

आठवड्याभराने मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. मी शाळेत धर्मप्रचार करते, अशी तक्रार होती. कुणाची, हे मला सांगण्यात आले नाही. ज्यांच्याशी मी बोलले त्यांना बोलावून विचारावे, एवढी विनंती मी केली, पण तीही मान्य झाली नाही. शाळेच्या आवारात यापुढे धर्माविषयी काहीही बोलणार नाही, असा मजकूर आधीच टंकलेला होता. माझ्या निवृत्तीला सहा वर्षे होती, धाकट्या मुलीचे शिक्षण व्हायचे होते, आणि मी सही केली. वर्गातील मुलांना मी माझ्या श्रद्धेविषयी कधी एक अक्षर सांगितले नव्हते आणि ते सांगणे अयोग्य आहे, असे माझे आजही मत आहे. पण दोन प्रौढ स्त्रियांमध्ये, एकीच्या दुःखात, तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा प्रचार कसा झाला, हे मला त्या दिवशी कुणी सांगितले नाही आणि आजवर कळलेले नाही.

त्याच रविवारी उपासना आटोपल्यावर मी हे आमच्या मंडळीच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कानावर घातले. ते म्हणाले, "बाई, हे तुम्ही कशाला ओढवून घेता? त्यासाठी आम्ही आहोत ना!" त्यांच्या मनात माझी काळजी होती, याविषयी मला शंका नाही. तरीही मुख्याध्यापकांच्या कागदापेक्षा हे वाक्य मला अधिक जड गेले. कालच्या लेखात तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा भेटले. बाहेरचे म्हणतात, हे तुमच्या पाळकांचे काम आहे, आणि आमच्याच मंडळीतले निम्मे लोक वर्गणी देऊन तसेच म्हणतात. शास्त्रात मात्र हे कुठेही लिहिलेले नाही. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात, श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या स्तेफनाच्या मृत्यूनंतर यरुशलेमेतील मंडळीचा छळ सुरू झाला, तेव्हा प्रेषितांखेरीज, म्हणजे येशूने नेमलेल्या पुढाऱ्यांखेरीज, इतर सर्वांची पांगापांग झाली, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जे पांगले ते सुवार्ता सांगत गेले, हे लगेच पुढे येते. म्हणजे ज्यांना आपण आज साधे विश्वासी म्हणू, ज्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते, त्यांच्याच तोंडून ती यरुशलेमेबाहेर पडली. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई येशूविषयी सांगायला आपली घागर तिथेच टाकून गावात धावली, तीही कुठल्या मिशनची नोकर नव्हती.

दूर कशाला जावे, मराठी माणसाला तर याचे उदाहरण घरचेच आहे. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट पाहा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, संस्कृत काव्यावर बोलणे निघाले, ते रंगले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतली आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  तो सहप्रवासी त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत बसला असता, तर तोही लेखकांच्या व्याख्येप्रमाणे चांगला ख्रिस्ती ठरला असता, आणि ज्या अभंगांनी आमच्या उपासना आजही भरून जातात ते अभंग मराठीत आले नसते.

सांगणे म्हणजे बळजबरी, असे लेखकांनी गृहीत धरले आहे. टिळकांचेच घर पाहावे. पतीचा बाप्तिस्मा १८९५ चा, तर लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे त्या आपल्या श्रद्धेवर ठाम राहिल्या आणि अखेर आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्या घरची माया तसूभरही आटली नाही. भाकरीच्या, औषधाच्या किंवा शाळेच्या फीच्या बदल्यात जो कुणाची श्रद्धा मागतो, तो ख्रिस्ताच्या नावाचा सौदा करतो, आणि त्याला मी लेखकांपेक्षाही कठोर शब्दांत बोलेन, कारण त्याच्यामुळे माझ्या दहा मिनिटांवर संशय येतो. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधील आपल्या पहिल्या पत्रात उत्तर देण्यास सदैव तयार राहायला सांगितले आहे, पण ते आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने.

लेखकांनी कायद्याचाही दाखला दिला आहे, म्हणून थोडे त्याविषयी. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म प्रकट करण्याबरोबर आणि आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करणे हेही शब्द आहेत, आणि ते नजरचुकीने राहिलेले नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांवर वाद झाला आणि त्यानंतर ते ठेवले गेले. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, असे म्हटले, हे खरे आहे. परंतु आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालात आहे. लेखकांनी त्यातला पहिला अर्धा भाग घेतला आहे. मला विश्वासी म्हणून त्या पहिल्या भागाचीही अडचण वाटत नाही. माणसाचे अंतःकरण फिरवणे हे माझ्या हाती नाही आणि ते माझ्याकडे मागितलेलेही नाही. माझ्याकडे मागितली आहे ती साक्ष, म्हणजे माझ्या बाबतीत जे घडले ते खरेखरे सांगणे. न्यायालयात साक्षीदार गप्प बसला तर त्याला कुणी चांगला साक्षीदार म्हणत नाही.

त्या बाई ख्रिस्ती झालेल्या नाहीत. मुलाच्या श्राद्धाला मी दरवर्षी त्यांच्याकडे जाते आणि नाताळच्या करंज्या करायला त्या माझ्याकडे येतात. कडा मुरडायचे काम त्यांचे, कारण माझी मुरड नीट पडत नाही. शुभवर्तमानाची ती प्रत त्या कंपासपेटीखाली ठेवलेली असते. सही केल्याचे मी त्यांना कितीतरी वर्षे सांगितले नव्हते. निवृत्तीनंतर सांगितले, तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या, आणि तो राग योग्य होता. हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवले, त्यांच्याविषयी लिहिण्याची परवानगी घेतली आणि काही वगळायचे आहे का, असेही विचारले. वगळायचे काही नाही, पण एक गोष्ट ठळक लिहा, असे त्या म्हणाल्या, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते : "त्या दिवशी विचारलं मी होतं."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर

ता. क. : विषय निघालाच आहे म्हणून एक विनंती. यंदाही आपल्या अंकात उत्तम शुक्रवारी 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' अशी चौकट छापून आली. तो दिवस प्रभूच्या वधस्तंभावरील मरणाचा आहे. आम्ही त्या दिवशी तीन तासांच्या उपासनेला बसतो आणि बरेच जण उपास करतात. शुभेच्छा द्यायच्या त्या त्यानंतरच्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी मी कार्यालयात दूरध्वनी करून हे कळवले होते, तेव्हा पलीकडच्या तरुणाने आश्चर्याने विचारले की, मग हे आम्हाला आजवर कुणी सांगितले कसे नाही?