बाबा, तुमचा पाचटाचा प्रश्न मी तिथे विचारणार आहे

हडपसर, पुणे
२८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, यंदा मोशीच्या किसान प्रदर्शनाला तुम्ही आला नाहीत. "गुडघा नको म्हणतोय" एवढंच फोनवर बोललात आणि विषय बदललात. मला ते फार लागलं. इंदापूरहून पहाटेची एसटी धरायची, दिवसभर एकेक स्टॉल पालथा घालायचा आणि रात्री पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे जेवायला यायचं, असा तुमचा नेम. गुडघ्याने तो मोडला, पण तुमचं शिकणं त्याने थांबू नये.

इंग्लंडात ऑक्सफर्डला दर जानेवारीत शेतकऱ्यांची एक परिषद भरते, ऑक्सफर्ड रिअल फार्मिंग कॉन्फरन्स. २०१० साली ती सुरू झाली. माती, बियाणं, रसायनांवाचून शेती हे तिचे विषय. २०२१ च्या जानेवारीत कोरोनामुळे ती सगळी ऑनलाइन झाली, तेव्हा मी इथल्या खोलीत बसून पहिल्यांदा ऐकली. सारखं वाटत होतं, इथे बाबा हवे होते. म्हणून या खेपेला आपल्या तिघांची नावं नोंदवली आहेत.

दिवाळीत ठेवून आलेल्या टॅबवर मी एक लिंक पाठवीन. ती उघडली की यात्रेच्या मांडवासारखं पान दिसेल: मधे मुख्य मंच, बाजूला वेगवेगळे कक्ष, सगळीकडे एकाच वेळी भाषणं चालू. ज्या कक्षावर बोट ठेवाल तिथे जाल. नाही आवडलं तर उठून दुसरीकडे, कुणाला राग येत नाही. आपला माइक बंद असतो, त्यामुळे म्हैस हंबरली तरी काळजी नको. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. रेंज ओसरीवरच नीट येते, तेव्हा कॉट तिथेच ओढून घ्या आणि लाइट असेपर्यंत टॅब चार्ज करून ठेवा. सगळं इंग्रजीत असेल. मी सुट्टी काढली आहे. दुसऱ्या फोनवरून तुम्हाला मराठीत सांगत राहीन.

आता खरी गोष्ट. प्रत्येक कक्षात प्रश्न लिहायला एक चौकट असते. तुम्ही मराठीत बोलून व्हॉट्सअॅपवर पाठवा, मी इंग्रजी करून तिथे टाकते. प्रश्न तुमच्या पाचटाचाच, उसाच्या त्या वाळल्या पाल्याचाच असू दे. शेजारचे सगळेजण ऊस तुटला की त्याला काडी लावतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट धूर होऊन जातं. तुम्ही मात्र खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, ते सरीत दाबलंत, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू कल्चर टाकून कुजवलंत. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, उंदीर होतील, साप होतील, आग लागली तर सगळंच जाईल. तुम्ही बांधावर उभे राहून सगळं ऐकून घेतलंत आणि तरी पाचट ठेवलंत. मे महिन्यात तुम्ही ते बाजूला सारून खालची ओली माती माझ्या हातावर ठेवली होती. इंग्लंडात ऊस नाही, पण तिथले शेतकरीही जमीन उघडी पडू नये म्हणूनच धडपडतात. कुजायला लागणारा वेळ, शेजाऱ्याच्या आगीची भीती, हे तुमच्याकडून ऐकायला त्यांना हवंच असेल. तुम्हाला फक्त विचारायचं नाही, सांगायचंही आहे.

आई, तू चहाच्या निमित्ताने आत जाऊन बसायचं नाहीस. राखेत घोळवून मडक्यात ठेवलेला गावरान घेवडा आणि वाल ही तुझी कमाई आहे, आणि बियाण्यांवर तिथे बोलणं होतं. त्या वेळी बाबांनी गप्प बसायचं आणि टॅब तुझ्यापुढे धरायचा. एखादं भाषण सैपाकाच्या वेळेत आलं तर सोडून दे. रेकॉर्डिंग नंतर बघता येतं, मी संक्रांतीला आले की आपण बघू.

बाबा, रविवारपर्यंत प्रश्न पाठवा. आणि खोडव्याचे दोन फोटो काढा, एक पाचट झाकलेलं, एक बाजूला सारून खालची माती दिसेल असा. गुडघ्याला दोन्ही वेळा तेल लावा.

तुमची,
सुमन