खंबाटकी घाटातल्या त्या दोघांचे आभार

जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या आजीला पुण्याहून गावी नेताना खंबाटकी घाटात रात्री दोनला शववाहिका पंक्चर झाली. वरून पाऊस, त्यात जॅक चालेना. मागून आलेला भाजीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरदादांनी स्वतःचा जॅक काढून चाक बदललं. मागचं दार नीट लागत नव्हतं, तिथे त्यांचा पोरसवदा क्लीनर तेवढा वेळ ताडपत्री धरून उभा राहिला. त्याआधी चपला काढल्या त्याने, चिखलात. 'आजी भिजायला नकोत,' एवढंच म्हणाला. (तिचा विद्यार्थी वगैरे नव्हता तो.) आमच्या भिजलेल्या वह्या चुलीशेजारी वाळवायची ती. पैसे त्यांनी घेतले नाहीत, नावं विचारायची राहिली. दादा, आणि बाळा तू, मनापासून आभार. आजी कोरडी घरी पोचली.