गाडी जुनी झाली की ग्रुपही गप्प होतो

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात नव्या गाड्यांची माहिती दर आठवड्याला येते, ती मी वाचतो, पण जुन्या गाड्या चालवणाऱ्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्या तालुक्यात शोरूममधून नवी गाडी काढणारे थोडे, दहा-बारा वर्षं जुनी गाडी चालवणारेच जास्त. आणि या जुन्या गाडीवाल्यांचा मोठा आधार म्हणजे मोबाईलवरचे गाडीमालकांचे ग्रुप. ते ग्रुप आता एकेक करून गप्प होत चाललेत, आणि त्यासोबत जे जातंय ते परत मिळणारं नाही असं मला मनापासून वाटतं.

माझी गाडी २०११ ची. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात कापूस क्विंटलला सहा-सात हजारांवर गेला होता, हमीभाव तीन हजाराच्या आसपास असताना, तेव्हा आमच्या भागात बऱ्याच जणांनी गाड्या घेतल्या, मीही छोटी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार कंपनीची नाही, कंपनी चालू आहे, फक्त ते मॉडेल बंद झालं. ते फार खपलंही नव्हतं. मारुती ८०० चं वेगळं, ती १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत होती, पंचवीस लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, ८०० चं काम येणारा मिस्त्री सापडतो, तिला ग्रुपची गरजच नाही. ग्रुपची गरज आमच्यासारख्यांना, ज्यांची गाडी पाहून मिस्त्री म्हणतो, "भाऊ, हे यवतमाळलेच न्या."

आमचा ग्रुप २०१४ मध्ये सुरू झाला. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपात शंभराच्या वर माणसं बसत नसत. यवतमाळ, अमरावती, वर्धा, वाशिम इकडचे सगळे एकाच मॉडेलचे मालक. सुरवातीला सगळं कौतुकाचं चालायचं, ॲव्हरेज किती देते, सीट कव्हर कुठून घेतलं, दसऱ्याला हार घातलेल्या गाडीचे फोटो, त्यात कामाचं फार नसायचं पण माणसं एकमेकांना ओळखायला लागली ती तेव्हाच. मग हळूहळू सगळ्यांची वॉरंटी संपली आणि खरा ग्रुप तेव्हा सुरू झाला. कारण शोरूममध्ये गेलं की बिल दिसायला लागलं, मग प्रत्येक जण आधी ग्रुपवर विचारायचा, हा आवाज कशाचा, हा लाईट काहून लागला, हे गावात होईल का शहरातच न्यावं लागेल. २०१६ च्या फेब्रुवारीत मर्यादा २५६ झाली, सप्टेंबरात जिओ आलं आणि मग काय विचारता, ज्यांच्याकडे नेटच नव्हतं ते सगळे आले, पुढच्या वर्षी ग्रुप फुल्ल झाला, एखादा लेफ्ट झाला तरच नवा घेता यायचा, ॲडमिनकडे वेटिंग लिस्ट होती.

त्या दिवसांत ग्रुपवर जे ज्ञान जमा झालं ते कंपनीच्या पुस्तकात नाही. इकडे सोयाबीन नाहीतर तूर काढताना थ्रेशरचं कुटार म्हणजे भुसा उडतो, गाडी वावराच्या धुऱ्यावर उभी असली की ते रेडिएटर आणि एसीच्या जाळीत जाऊन बसतं, बाहेरून काही दिसत नाही पण उन्हाळ्यात गाडी गरम होते. ते समोरून पाण्याचा जोरात फवारा मारून काढायचं नाही, त्यानं पातळ पत्रे वाकतात आणि कुटार अजून आत जातं, आतल्या बाजूनं हलक्या हातानं बाहेर काढायचं. हे आम्हाला ग्रुपवरून समजलं. घरात कापूस किंवा सरकी भरून ठेवली असली की उंदीर होतात आणि थंडीत ते उबेसाठी बोनटखाली येऊन वायरी कुरतडतात, त्यासाठी आमच्या गाडीत नेमकी कोणती वायर आधी तपासायची याचे फोटो एकानं बाण काढून टाकले होते. पंचेचाळीस डिग्रीत बॅटरी लवकर का जाते, पहिल्या पावसाआधी कुठलं रबर बदलून घ्यायचं, सगळं होतं.

आणि आमचे आर्वीवाले काका होते. नाव लिहीत नाही. एसटीच्या आगारात आयुष्यभर मेकॅनिक म्हणून नोकरी, रिटायर झाल्यावर त्यांनीही आमचीच गाडी घेतली होती. त्यांना टाईप करणं जमत नसे म्हणून ते बोलून पाठवायचे. २०१७ च्या एप्रिलात आम्ही अमरावतीला लग्नाला निघालो होतो, मागे आई, बायको, मुलं, अहेराची पिशवी, आणि नेरच्या पुढे इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. दुपारचा दीड, सावलीला एक झाड नाही. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि ग्रुपवर टाकलं. चार मिनिटांत काकांचा आवाज आला, तो मला आजही तसाच ऐकू येतो, "बाप्पा, घाबरू नको. बोनट उघड पण रेडिएटरच्या झाकणाले हात नको लावू, वाफेनं तोंड भाजते. अर्धा तास गार होऊ दे. मग चालू कर, एसी लाव अन् पाह्य पंखा फिरते का."

रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. मग दुसरा ऑडिओ, की फ्यूजच्या डब्ब्यात काळ्या चौकोनी डब्ब्या दिसतात त्या रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, आपल्या गाडीत हॉर्नची रिले आणि पंख्याची रिले एकच साईजची आहे, हॉर्नची काढ आणि पंख्याच्या जागी दाब. मी दाबली, टक् आवाज झाला आणि पंखा सुरू झाला. आईनं तिथंच रस्त्यावर हात जोडले. पाण्याची बाटली होती ती रेडिएटरच्या पाण्याच्या भांड्यात ओतली आणि अमरावतीपर्यंत बिगर हॉर्नची गाडी हळूहळू नेली, प्रत्येक वळणावर बायको खिडकीतून हात दाखवत होती. लग्न लागायच्या आधी पोहोचलो. काकांना मी त्याआधी कधी भेटलो नव्हतो.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो, त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

दिग्रसकडचा एक पोरगा, वय चोवीस-पंचवीस, आमचंच मॉडेल तिसऱ्या हातानं घेतलेलं. वडिलांना डोळे तपासायला यवतमाळला घेऊन चालला होता. दुपारी एक बारा मिनिटांनी त्याचा मेसेज, गाडी गरम झाली आहे, काटा वर गेला, काय करू, सोबत वडील आहेत. बोनटचा फोटोही टाकला. ग्रुपात तेव्हा २१४ लोक होते. नंतर त्यानं मला त्याच्या मोबाईलवर दाखवलं, तो मेसेज दीडशेच्या वर लोकांनी वाचलेला दिसत होता. त्याच्या खाली दिवसभरात तीन गोष्टी आल्या, एक ट्रॅक्टर विकणे आहे, एक कुठला तरी फॉरवर्ड व्हिडिओ आणि एकाचे नुसते जोडलेले हात. मी वावरात होतो, मोबाईल घरी चार्जिंगला. रात्री नऊ चाळीसला मी उत्तर दिलं. तोपर्यंत त्यानं पाणी टाकून टाकून गाडी तशीच रेटली होती आणि इंजिनमधली हेड गॅस्केट गेली होती, मिस्त्रीनं चौदा हजार घेतले. नंतर समजलं की त्याच्याही गाडीत पंख्याची रिलेच गेली होती. तेच दुखणं, तीच डब्बी. वडील त्या उन्हात दोन तास रस्त्यावर बसले होते. मला त्या रात्री झोप आली नाही.

मी काकांचा तो ऑडिओ त्याला पाठवावा म्हणून शोधायला गेलो. काका २०२१ मध्ये गेले. त्यांचे ऑडिओ शंभराच्या वर असतील. मी वर वर जात राहिलो, मधात मोबाईल बदलला होता, तारखा दिसत होत्या, ऑडिओची रेघ दिसत होती, दाबलं की फाईल नाही म्हणून येत होतं. दुसऱ्या सहा-सात जणांना विचारलं, सगळ्यांचं तेच, स्टोरेज भरलं म्हणून डिलीट केलं.

मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. ग्रुपचं वय गाडीच्या वयासोबतच चालतं हे मी बारा वर्षं पाहिलं. गाडी नवी असते तेव्हा सगळे बोलतात, चार-सहा वर्षांची होते तेव्हा बोलणारे कमी पण जाणकार असतात, तोच खरा सोन्याचा काळ. मग पहिले मालक गाडी विकतात, मोठी घेतात आणि एकेक जण लेफ्ट होतो, आणि दुःखाची गोष्ट अशी की जाणारा जे शिकला ते सोबत घेऊन जातो आणि ज्यानं त्याची गाडी घेतली त्याला ग्रुपचा पत्ताही माहीत नसतो. नवे येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे मालक, त्यांचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, तर जुने लोक वैतागून लिहितात "वर पाहा, आधी सांगितलं आहे". आता वर काय पाहणार तो, तो कालच ॲड झाला, त्याला वरचं दिसतच नाही. असं दोनदा झालं की नवा माणूस विचारणं बंद करतो. मग पार्ट मिळत नाहीत म्हणून विचारणा, मग विकणे आहे, मग भंगारात किती देतात, मग नुसतं सुप्रभात.

मधात मधात ग्रुप जागा होतो. लॉकडाऊनमध्ये २०२० ला झाला, गाड्या महिनोन्महिने उभ्या राहून सगळ्यांच्या बॅटऱ्या बसल्या होत्या. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांच्या कारची नोंदणी रिन्यू करायची फी सहाशेवरून पाच हजार झाली तेव्हा झाला. २०२५ मध्ये सक्तीच्या नव्या एचएसआरपी नंबर प्लेटसाठी तर रात्रंदिवस मेसेज, मुदत वाढत गेली तसे मेसेजही वाढत गेले. आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं तेव्हा, कारण आमच्या गाड्या त्या हिशेबानं बनलेल्या नाहीत, रबरी पाईपचं काय होईल ही काळजी खरी आहे. पण तेव्हा मला जाणवलं की विचारणारे पन्नास आणि स्वतःच्या गाडीचं पाहून सांगणारा एकही नाही, सगळे इकडचे तिकडचे व्हिडिओ टाकत होते. काका असते तर त्यांनी स्वतःचा पाईप काढून फोटो पाठवला असता. गंमत पाहा, फी वाढली त्याच २०२२ साली व्हॉट्सॲपनं मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ केली. जागा झाली तेव्हा माणसं नव्हती.

हे फक्त आमचंच नाही. ऑर्कुट ही फेसबुकसारखी जुनी साईट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात, दोन्हीकडे लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. आणि फोर्डनं २०२१ च्या सप्टेंबरात इथं गाड्या बनवणं बंद करणार म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या साळ्याकडे फोर्डची गाडी होती, त्यांचा ग्रुप एका रात्रीत असा पेटला की मोबाईल सायलेंट करावा लागला. पण त्यांच्या ॲडमिननं शहाणपण केलं, घाबरलेले मेसेज चालू असतानाच कोणता पार्ट दुसऱ्या कोणत्या गाडीचा बसतो, कुठल्या गावी मिळतो याची यादी बनवून घेतली, आता तिथं फार कोणी बोलत नाही पण यादी आहे, साळ्याचं काम अडत नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की ग्रुप बोलता आहे तोवर लिहून घ्या. ऑडिओ ऐकला की दोन ओळी टाईप करा, नाहीतर वहीत लिहा. गाडी विकली तर ग्रुप सोडायच्या आधी घेणाऱ्याला ॲड करा. आणि कोणी रस्त्यावरून विचारलं तर माहीत नसलं तरी "मला माहीत नाही, पण थांब, कोणाला तरी फोन करतो" एवढं लिहा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती, उन्हाळा तोंडावर आहे, आठवड्यातून अर्धा कॉलम जुन्या गाड्यांसाठी द्या. आमच्या विदर्भात प्रत्येक आगारात, प्रत्येक गॅरेजमध्ये काकांसारखी माणसं आहेत, त्यांना लिहिता येत नसेल तर तुमचा वार्ताहर जाऊन लिहून घेईल. मोबाईलमधलं पुसलं जातं, पेपरचं कात्रण तरी मिस्त्री टपरीला चिकटवून ठेवतो, मी स्वतः पाहिलं आहे, आमच्या गॅरेजच्या पत्र्यावर टायरच्या हवेचं एक जुनं कात्रण पिवळं पडलं तरी अजून आहे.

मी दोनशे पानी वही केली आहे. आठवेल ते, विचारून विचारून, एक्केचाळीस पानं झाली. दिग्रसचा तो पोरगा रविवारी येतो, चित्रं तोच काढतो, रिलेच्या डब्ब्याचं चित्र त्यानं पहिल्या पानावर काढलं आहे, कोणती हॉर्नची आणि कोणती पंख्याची ते लाल पेननं. पण काकांचं बरंच काही माझ्या लक्षात नाही. वाचकांपैकी कोणी २०१४ ते २०२१ मध्ये आमच्या ग्रुपात असेल, आर्वीवाले काका म्हटलं की त्यांना समजेलच, तर त्यांनी जुना मोबाईल विकायच्या किंवा फॉरमॅट मारायच्या आधी एकदा पाहावं. एक जरी ऑडिओ सापडला तरी ग्रुपवर टाका. ग्रुप अजून आहे, मी रोज रात्री उघडून पाहतो.

आपला,
एक वाचक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ