टपरीवाले काका आणि त्या दोन सायकलवाल्यांना मनापासून थँक्यू

रविवारी पहाटे सायकलवर सिंहगडला निघालो होतो, खडकवासल्याच्या अलीकडे पुढची लाइट लुकलुकायला लागली, खड्डा आला की बंद, पुन्हा चालू, आणि मग पूर्ण अंधार. आदल्या रात्रीच तीन नवे ट्रिपल ए सेल टाकलेले त्यामुळे काही सुचेना. मागून दोघं सायकलवर आले, ओळख ना पाळख, तरी थांबले. एकाने टॉर्च धरला, दुसऱ्याने स्वतःचे सेल घालून बघितले, तरी तेच. म्हणजे सेलचा दोष नाही, कॉन्टॅक्टचा आहे हे तिथंच कळलं. डोणजेपर्यंत त्यांनी मला मधे ठेवून नेलं, गाड्या किती जोरात येतात तिथे, खरंच जीव भांड्यात पडला.

डोणज्यात चहाच्या टपरीवरच्या काकांनी लाइट उघडून बघितली तर मायनसच्या स्प्रिंगवर पांढरट हिरवा थर, आधीचा सेल गळलेला असणार. ते म्हणाले सेलमधलं पाणी खाराचं असतं, त्याला आंबट लागतं, आणि सरबताच्या लिंबातलं अर्धं पिळून कापसाने स्प्रिंग पुसली. मग कोरडी केली, बारीक पॉलिश पेपरने घासली, थोडी ताणून वर उचलली म्हणजे हादऱ्याने सेल सुटणार नाही. वीस मिनिटं दिली त्यांनी, गिऱ्हाइकं थांबलेली असताना, आणि पैसे चहाचेच घेतले.

काका, काल परत त्याच रस्त्याने गेलो, लाइट एकदाही लुकलुकली नाही. पुढच्या रविवारी चहाला येतोच. आणि तुम्ही दोघं, नावं विचारायची राहिली, कुठे भेटलात तर नक्की हाक मारा.