मुलांना आयर्लंड नीट शिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांमधे लेकरं एमपीएससीचा अभ्यास करायलेत, त्यांना विचारा आयर्लंडकडून आपण काय घेतलं, फाडकन उत्तर येतं, राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं. बरोबर आहे, १९३७ च्या आयरिश घटनेवरूनच घेतलीत. पण त्याच्या पुढं एक वाक्य येत नाही. मी इतिहास शिकवतो आणि मला मनापासून वाटतं की मराठवाड्यातल्या मुलांना हा देश नीट सांगायला पाहिजे, कारण तिथला दुष्काळ त्यांना लगेच कळेल.

१८४५ ला तिथं बटाट्यावर करपा पडला. आता करपा युरोपात इतर देशांतही पडला होता, मग माणसं आयर्लंडातच एवढी का मेली? जमीन जमीनदारांची, त्यातले बरेच इंग्लंडात राहणारे, कुळाकडं एवढासा तुकडा आणि गरिबाचं घर जगायचं निव्वळ बटाट्यावर, तेही बहुतेक एकाच वाणाच्या. धान्य पिकत होतं हो, पण ते खंड भरायला विकावं लागायचं, आणि लोक उपाशी मरत असताना ते बंदरातून बाहेर जात होतं. तेव्हा तिथं राज्य ब्रिटिशांचं, त्यांच्या सरकारनं रस्त्याची कामं काढली, मार्च १८४७ मधे तिथं सात लाखांच्या वर माणसं राबत होती, मजुरीत पोट भरत नव्हतं, मग तीही कामं बंद केली. ब्रिटिश खजिन्यातला मोठा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन, बाजारात सरकारनं हात घालू नये या मताचा, आणि हाच माणूस १८५९ ला मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडं आला. साधारण दहा लाख लोक मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. १८४१ ला त्या बेटावर ८० लाखांच्या वर वस्ती होती, आजही तेवढी भरलेली नाही!

आपल्याकडं ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो खाल्लेली माणसं अजून घराघरात आहेत. मुलांनी आजीला विचारावं की रोहयोच्या कामावर काय मिळायचं, आणि मग आयर्लंडचं वाचावं. पाऊस किंवा रोग हे एक कारण, सरकार काय करतं हे दुसरं, ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा असं जास्त समजतं.

जे मेले आणि गेले त्यात पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे गरीब फार, त्यामुळं भाषाच खचली. ती वाचवायला १८९३ ला गेलिक लीग ही संघटना निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड पुढं १९३८ ला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला यातलं दुखणं सांगावं लागलं नसतं.

एप्रिल १९१६ मधे डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावला होमरूल (म्हणजे स्वराज्य) लीग काढली, ती कल्पनाही आयरिश चळवळीतलीच. आणि मराठीच्या बोलींचे नमुने ज्यानं भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात छापले तो ग्रिअरसन डब्लिनजवळ जन्मलेला, हे तर आमच्या मराठीच्या मास्तरांनाही सांगितलं पाहिजे. तिथल्या न्यूग्रेंजची पाच हजार वर्षांपूर्वीची समाधी, हर्लिंगचा काठी-चेंडूचा खेळ, हेही येऊ द्या थोडं.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत यावर दोन-तीन भाग द्यावेत ही विनंती. सोबत नकाशा मात्र नक्की छापा, बेटाचा उत्तरेकडचा तुकडा अजून ब्रिटनकडं आहे हे पोरांना नकाशा बघितल्याशिवाय पटत नाही.

– एक इतिहास शिक्षक, उदगीर