बुधवारचा एक तास

बंगळुरू, नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. कागदांबद्दल आहे. बाबा, लगेच कपाळाला आठ्या नकोत. तुमचा एकही कागद हरवलेला नाही, हे मला मान्य आहे.

दिवाळीत आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागची ती तार खाली काढून बघितली. लाइटबिलं एकावर एक टोचून तिची वीतभर जाड माळ झालीय. अगदी तळाच्या बिलांवर अजून एमएसईबीचं नाव आहे. त्या मंडळाचं महावितरण झालं २००५ साली! ती बिलं आता रद्दीत गेली तर कोणीही विचारायला येणार नाही. मिळकतकराच्या पावत्या मात्र सगळ्या ठेवा. फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या तिन्हींना हातही लावायचा नाही.

पण माझं खरं म्हणणं आवराआवरीबद्दल नाहीच. कुठला कागद कुठे आहे हे फक्त बाबांना ठाऊक आहे, ही माझी काळजी आहे. एफडीच्या पावत्या चितळ्यांच्या पिशवीत, मेडिक्लेमची पॉलिसी गादीखाली, लॉकरची किल्ली म्हणे "तिथेच, नेहमीच्या जागी". ही नेहमीची जागा आईला विचारली तर ती हसली. बाबा, उद्या तुम्हाला नुसता चार दिवस ताप आला आणि अ‍ॅडमिट करायची वेळ आली, तर आईने पॉलिसी कुठे शोधायची?

तर मागणी एवढीच की आठवड्यातून एक तास दोघांनी मिळून बसायचं. बुधवार सकाळ, पूजा आटोपली की. शनिवार नको, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. पुण्यातल्या गुरुवारचं तर तुम्हाला माहीतच आहे, कधी दुरुस्तीसाठी लाइट जाते, कधी पाणी. बुधवारी आठवडाभराची टपालं, बिलं, बँकेचे मेसेज एकदम काढायचे, भरायचं ते भरायचं आणि पावती त्याच वेळी फाइलला लावायची. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. तासभर झाला की उठायचं, उरलं तर पुढचा बुधवार आहेच.

वही मात्र आईने लिहायची. बाबांना हे पटणार नाही, पण कालनिर्णय बघा ना. दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे किती दिले, सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात असतं आणि कधी चुकत नाही. या घरातलं खरं ऑफिस इतकी वर्षं आईच चालवतेय. नवीन वर्षाचं कालनिर्णय आलंच आहे, त्यातच एफडीच्या मुदती टाका. एप्रिलच्या पानावर बँकेत द्यायचा टीडीएसचा फॉर्म. मेच्या पानावर मिळकतकर, कारण मेअखेरच्या आत भरला की सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. ती दरवर्षी बाबा शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून मिळवतात. ऑनलाइन भरता येतो, पण त्या रांगेतल्या गप्पांसाठी जात असाल तर माझी हरकत नाही.

बुधवारचा आणखी एक उपयोग सांगते. "मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल" असा मेसेज आला होता ना, आणि आईने घाबरून मला फोन केला होता? असल्या प्रत्येक मेसेजला एकच उत्तर, बुधवारी बघू. खरं बिल बुधवारपर्यंत थांबतं, भामटा थांबत नाही. लिंक उघडायची नाही, त्या नंबरवर फोन करायचा नाही. आणि कधी पैसे गेलेच, तर मात्र बुधवारची वाट न बघता तडक १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. हा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात लावा.

एक नाजूक गोष्ट. पिशवीतल्या सगळ्यात जुन्या एफडीला नॉमिनी म्हणून अजून आजीचं नाव आहे. आजी जाऊन किती वर्षं झाली! पावती आपोआप रिन्यू होत राहिली आणि नाव तसंच राहिलं. आता या १ नोव्हेंबरपासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आईचं नाव लावा, वाटलं तर दादाचं आणि माझंही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्रही करून टाका. साध्या कागदावर चालतं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. अभद्र बोलतेय असं आईला वाटेल. वाटू दे.

सुरुवात येत्या बुधवारपासूनच करा, कारण नोव्हेंबर आहे आणि बाबांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला राहिलाय. बँकेत जाऊन ताटकळायची गरज नाही. जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर मोबाइलसमोर चेहरा धरला की होतो, फक्त उजेडात बसा. नाहीच जमलं तर पोस्टमनला सांगा, तो घरी येऊन करून देतो. आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर हाताशी लागेल. पीपीओचा कागद कुठे आहे ते आईला शोधू दे. बाबा, तुम्ही खुर्चीत बसून राहायचं आणि बोटसुद्धा दाखवायचं नाही.

तुमची,
मनू