निराधार महिलांच्या पगारासाठी मदतीचे हात आणि तहसीलसमोर दोन गाड्यांची जागा हवी

आपल्या शहरातील आणि आसपासच्या गावांतील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग व वृद्ध महिलांचा ‘निराधारचा पगार’, म्हणजे शासनाचे महिन्याचे अनुदान, अडला असेल, तर तो सुरू करून देण्यासाठी महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक संघ मिळून येत्या बुधवारपासून सलग सहा बुधवार मदतकेंद्र चालवणार आहेत. त्यासाठी माणसे हवी आहेत, थोडे पैसे हवे आहेत, आणि नगरपरिषदेपुढे मांडायच्या एका मागणीला तुमचा पाठिंबा हवा आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींत जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. विधवा बाईने अर्ज करायचा तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आणि निराधारची २१,००० हा फरक आम्हाला अन्यायाचा वाटतो. ती मर्यादा वाढावी ही मागणी आम्ही सोडणार नाही. पण ती शासनाच्या हातची गोष्ट आहे. मंजूर झालेला पगार कागद, बँक आणि अंगठा यांत अडकतो, तो सोडवणे मात्र आपल्या हातात आहे.

डिसेंबर २०२४ च्या अनुदानापासून पैसे डीबीटीने थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ‘पगार बंद झाला’ म्हणून येणाऱ्या बाईचा पगार पुष्कळदा बंद झालेलाच नसतो, तो दुसऱ्या खात्यात जमा होत असतो. आधार कितीही खात्यांना लावलेले असले, तरी डीबीटीचे पैसे एकाच बँकेत जातात, आणि ती बँक म्हणजे जिथे शेवटी आधार सीडिंग (सरकारी पैसे येण्यासाठी खात्याला आधार जोडणे) झाले ती. मध्यंतरी दुसऱ्या योजनेसाठी पोस्टात खाते उघडले की पैसे तिकडे वळतात, आणि बाई जुन्याच बँकेत पासबुक भरून घेत राहते. म्हणून केंद्रात पहिले काम हेच: आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहणे. त्यासाठी ओटीपी लागतो. आधारला लावलेला मोबाइल बंद पडला असेल किंवा वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर *९९*९९*१# या नंबरवर आधार क्रमांक टाकून बँकेचे नाव कळते. खाते सापडले की अर्धे काम झाले. सीडिंग कुठेच नसेल तर बँकेत लेखी फॉर्म द्यायचा आणि पोच घ्यायची, किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेत शून्य शिलकीवर खाते उघडायचे. नुसते ‘आधार लिंक आहे’ या तोंडी उत्तरावर परत फिरायचे नाही.

दुसरी अडचण अंगठ्याची. शेतात, विटभट्टीवर, धुण्याभांड्यांत झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनवर उठत नाही. आधी हात कोमट पाण्याने धुवून कोरडे करावेत आणि दहाही बोटे लावून पाहावीत. एखादे तरी बहुधा उठते. नाहीच उठले तर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्याने घ्यावे लागते. त्याचे शुल्क १२५ रुपये, फक्त पत्ता किंवा मोबाइल बदलायचा तर ७५. बायोमेट्रिकसोबत मोबाइल बदलला तर ७५ वेगळे द्यावे लागत नाहीत, म्हणून दोन्ही कामे एकाच खेपेत करायची.

तिसरी नावाची. आधारवर ‘शांताबाई’, पासबुकात ‘शांता’, रेशनकार्डावर माहेरचे आडनाव. अशा वेळी सगळे कागद आधारप्रमाणे करून घेणे सोपे जाते. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यातील नाव मात्र आधी तपासावे, कारण अर्ज बहुतेक तिथेच परत येतो. मृत्यूची नोंदच झाली नसेल तर उशीर महागात पडतो: २१ दिवसांत नोंद साधी होते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते, त्यानंतर वर्षाच्या आत सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दुःखाच्या त्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आणि भावकीने ही आठवण करून द्यावी, एवढी कळकळीची विनंती.

केंद्रासाठी दर बुधवारी बारा जण लागतील: चौघे मोबाइलवर सीडिंग पाहणारे, चौघे अर्ज भरणारे, दोघे बँकेत सोबत जाणारे, दोघे रिक्षाजवळ थांबणारे. कॉलेजच्या मुलामुलींना आम्ही दोन तासांत सगळे शिकवू. निवृत्त तलाठी, बँक कर्मचारी आणि पोस्टमन यांनी तर नक्की यावे. पैशांचा हिशोब असा: शंभर जणींचे बायोमेट्रिक धरले तर १२,५०० रुपये. झेरॉक्स, फोटो, फायली आणि रिक्षाभाडे वेगळे; रिक्षावाल्यांनी आठवड्याला एक फेरी मोफत दिली तर भाड्याचा भार बराच हलका होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. ८०जी ची (देणगीवरच्या आयकराची) सवलत मंडळाकडे नाही, हे आधीच सांगतो.

आता जागेची गोष्ट. तहसील, बँक आणि पोस्ट तिन्ही बाजारपेठेत आहेत. रिक्षा थांबवायला जागा नाही, त्यामुळे गुडघे धरून चालणारी बाई चौकात उतरते आणि दुचाक्यांच्या रांगेतून वाट काढत जाते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नगरपरिषदेत पुन्हा लोकांनी निवडून दिलेले सदस्य बसले आहेत आणि बाजारातील पार्किंगचा विषय सभेपुढे येणार आहे. आमची मागणी एवढीच: तहसीलच्या दारापासून ३० मीटरच्या आत, कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी २, दोन गाड्यांची जागा वृद्ध व दिव्यांगांना उतरवण्यासाठी राखीव असावी. त्यांपैकी एक जागा ३.६ मीटर रुंद हवी, म्हणजे गाडीच्या बाजूला व्हीलचेअर उघडता येते.

दुकानदारांचा विरोध आम्ही समजू शकतो. एका गाडीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या उभ्या राहतात आणि गिऱ्हाईक दुचाकीवरच येते. म्हणूनच वेळ चार तासांची ठेवली आहे, दुपारनंतर आणि सुट्टीच्या दिवशी जागा मोकळी. ज्यांच्या दुकानासमोर ही जागा येईल, त्यांची लेखी संमती मिळाली तर ठराव लवकर मंजूर होईल. सोमवार ते शनिवार त्या वेळात तिथे किती गाड्या किती मिनिटे थांबतात याची नोंद ठेवायला दोन माणसे हवीत. आकडे हातात असले की सभेत नुसता वाद होत नाही.

नुसता पिवळा पट्टा ओढून फलक लावून घेऊ नका. नगरपरिषदेचा ठराव, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ खालील अधिसूचना, हे तिन्ही झाल्याशिवाय तिथे चुकीने लावलेल्या गाडीवर कारवाई टिकत नाही, आणि महिनाभरात फलकाखालीच दुचाक्या लागतात. महिला व बालकल्याणासाठी राखीव ठेवायच्या ५ टक्के निधीतून नगरपरिषद कार्यालयात कायमचे एक मदतटेबल मिळावे, हीसुद्धा मागणी त्याच अर्जात आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असून सह्यांचे कागद मंडळाच्या कार्यालयात आणि पेठेतील किराणा दुकानांत ठेवले आहेत. सही करताना पूर्ण नाव आणि प्रभाग क्रमांक लिहावा.

बुधवारी येणाऱ्या बायांनी आधार, रेशनकार्ड, असतील तेवढी सगळी पासबुके, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि दोन फोटो आणावेत, आणि आधारला लावलेला मोबाइल चार्ज करून सोबत ठेवावा. मंडळाचा स्वयंसेवक कोणत्याही कामाचे पैसे मागणार नाही. ओटीपी बाईने स्वतः मोबाइलवर टाकायचा, कोणाला वाचून दाखवायचा नाही. केंद्र सकाळी साडेनऊला उघडेल. तहसीलची खिडकी दुपारी जेवणासाठी बंद होण्याआधी पहिली तुकडी तिथे पोहोचली पाहिजे, म्हणून स्वयंसेवकांनी नऊलाच यावे.